तो निर्णय सुलभाचा होता

‘सुटली बिचारी’ असे कृपया कोणी लिहू नये.

मी श्रीधर केशव म्हात्रे, बी.कॉम., फुलपाडा, विरार पूर्व. माझी पत्नी सुलभा आज सकाळी घरी वारली. हॉस्पिटलमध्ये का नेले नाही, असे काही आप्त विचारत आहेत. उत्तर एकदाच आणि नीट द्यावे, म्हणून ही पोस्ट.

तिला ब्रेनस्टेमचा, म्हणजे मेंदूच्या देठाचा, स्ट्रोक झाला होता. हात, पाय, जीभ, सगळे बंद. डोळे उघडे.

तिला काही समजत नसावे, असे आम्हाला सांगण्यात आले होते. भेटायला येणारे तिच्यासमोरच तिच्याविषयी भूतकाळात बोलत.

मग अर्नाळ्याहून तिची धाकटी बहीण लता सुके बोंबील घेऊन आली. त्यांचे मी केलेले कालवण तिने चाखले आणि पलंगाकडे वळली.

“ताय, बोंबील न भाजताच पान्यात टाकलेत गो. भावोजी या जन्मात रांधायला शिकनार नाय. खरं असंल तर वर बघ.”

सुलभाने वर पाहिले.

मी म्हणालो, योगायोग असेल, पुन्हा विचार. लताने विचारले, कालवण बरे झालेय का?

सुलभाने ताबडतोब खाली पाहिले.

त्या दिवसापासून वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. डॉक्टरांनी तपासून नाव सांगितले: लॉक्ड-इन सिंड्रोम. शुद्ध पूर्ण, शरीर बंद. कोणती सिरियल लावायची आणि कोणत्या पाहुण्याला लवकर वाटेला लावायचे, हे पुढे तीच ठरवत असे.

या आठवड्यात छातीत कफ भरला. स्ट्रोकच्या वेळी लागला तसा पुन्हा व्हेंटिलेटर लागेल, तो निघेलच असे नाही, हे डॉक्टरांनी तिलाच सांगितले.

“हॉस्पिटलला जायचे?”

खाली.

एका उत्तरावर माझे समाधान होत नाही. प्रश्न उलटा केला.

“घरीच राहायचे?”

वर.

लताला विचारायला सांगितले. ती नको म्हणाली, मग विचारले, हॉस्पिटलला जायचे का? खाली. लता उठून गॅलरीत गेली.

डॉक्टरांनाही तेच उत्तर मिळाले. श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून त्यांनी औषध सुरू केले.

आज सकाळी मी विचारले, त्रास होतोय? खाली.

“मी इथेच बसू?”

वर.

त्यानंतर मी काही विचारले नाही.

नंतर नळीतून फीडिंग करायची सिरिंज गरम पाण्याने धुऊन ठेवली. आता ती लागणार नाही, हे धुतल्यावर लक्षात आले.

सुलभा, तुला माझा नमस्कार.

श्रीधर के. म्हात्रे
विरार, आज रविवार