पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती

गुंतवणूक सल्लागाराच्या परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच मी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. बायकोने एक कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, आधी पास तर व्हा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मी चिडलो. मला चिडायला फारसं लागत नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला कशानेही आनंद व्हायचा. नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानात अर्धं आयुष्य गादीवर मांडी घालून काढलेला, पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस मी, आणि कॉलेजातली माझी पोरगी रोज संध्याकाळी माझा अभ्यास घेत होती. "पप्पा, जोखीम म्हणजे काय?" ती पोळी लाटता लाटता विचारायची आणि मी कुकरच्या शिट्टीच्या वर आवाज काढून उत्तर द्यायचो. शेजारच्यांना वाटत असणार, घरात भांडण चाललंय.

या सगळ्याची सुरुवात दुकानातच झाली. एक बाई मैत्रिणीच्या लग्नासाठी भारी साडी मागत होत्या. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "ताई, एकदाच नेसायची की पुढं वापरात ठेवायची?" त्यांनी जरा विचार केला आणि निम्म्या किमतीची घेऊन गेल्या. शेजारी बसलेल्या दुसऱ्या बाई हे ऐकत होत्या. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी आर्थिक सल्ल्याचं स्वतःचं ऑफिस काढलं होतं. आता मी त्यांना मॅडम म्हणतो.

"शिक्षण किती झालंय तुमचं?"

"बीकॉम. जेऊरहून करमाळ्याला ये-जा करून केलं."

"मग इथं काय करताय?"

एरवी असं कुणी विचारलं असतं तर मी भांडलोच असतो. त्या दिवशी अंगावर काटा आला.

मॅडमनी मला त्यांच्या ऑफिसात कामाला बोलावलं. अट सरळ होती. परीक्षा द्या, ऑफिसात बसून काम शिका आणि दसऱ्याच्या आत स्वतःचं एक गिऱ्हाईक आणून माझ्यासमोर नीट सांभाळून दाखवा. जमलं तर नोकरी पक्की, नाही तर आपण दोघं मोकळे. आमचे मालक भला माणूस. म्हणाले, "दसऱ्यापर्यंत तुमची जागा ठेवतो. पुढं दिवाळीची गर्दी, मग मला दुसरा माणूस बघावाच लागेल."

मी पास झालो. दुकानात पेढे वाटले, मालकांना दोन दिले.

पेठेत दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ द्यायचं नाही, हा तिथला नियम. वेळ पडली तर मालक नफा सोडून माल देतील, पण भवानी करतील. ती होईपर्यंत आमच्याकडे कुणी चहासुद्धा मागवत नसे. वीस-बावीस वर्षं हे पाळलं की ते अंगातच भिनतं.

माझं ऑफिसातलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे करमाळ्याच्या एक मावशी. दुकानात त्या माझ्याकडेच साड्या घ्यायच्या. आदल्या वर्षी त्यांचे यजमान गेले. ते शाळेत शिपाई होते, त्यांचे पैसे मावशींना मिळाले होते. मी फोन केला आणि नवरात्रात एका सकाळी पहिल्या एसटीने त्या आल्या. मॅडम कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. बघत नव्हत्या, पण ऐकत होत्या.

मावशी बसल्या आणि माझे हात आपोआप चालू झाले. एका गुंतवणूक योजनेचं माहितीपत्रक उघडलं, त्यावर दुसरीचं पसरलं, त्यावर तिसरीचं. "हे बघा. हे त्याहून जरा दणकट. थांबा, अजून एक दाखवतो." टेबल भरून गेलं. मावशींचा चेहरा खुलला. त्यांनी दोन पत्रकं बाजूला काढली आणि अंगठा-बोटात धरून कागदाचा पोत पाहिला.

"ह्यो निळा बरा हाय. त्यो पिवळा लईच भडक दिसतोय."

"निळा तुम्हाला शोभेल," मी म्हणालो.

कोपऱ्यातला टाइप करायचा आवाज थांबला.

माझे कान तापले. ज्या एका प्रश्नामुळे मला इथे बोलावलं होतं, तोच मी विसरलो होतो. मी विचारलं, "मावशी, हे पैसे तुम्हाला लागणार कधी?"

"तुळशीचं लगीन झालं की पोरीचं लगीन हाय की. तवर दुप्पट झालं तर बरंच. भाचा म्हनतो, हुतंय."

पी हळद अन् हो गोरी, हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. सगळी पत्रकं गोळा करून ड्रॉवरमध्ये टाकली. "मावशी, एवढ्या थोड्या दिवसांत बाजार वर जाईल की खाली, ते मला ठाऊक नाही. भाच्यालाही नाही. लग्नाचे पैसे बँकेतच राहू द्या. यातलं काही घेऊ नका."

त्या बघतच राहिल्या. "म्हंजी? येवढ्या लांबनं आले आन् मोकळ्या हातानं धाडताय? दुकानात तर असं कदी केलं न्हाय तुमी." त्यांनी पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या.

पहिलं गिऱ्हाईक. थांबा मावशी, करतो काहीतरी, असं म्हणायला माझा हात वर गेला होता. मी तो खाली दाबून धरला. मला रडू येईल असं वाटलं आणि त्याचा रागही आला. मॅडम पुन्हा टाइप करू लागल्या. घरी उरलेली कार्डं आठवली, चांगलं बंडल होतं.

जरा वेळाने जिन्यात चपला वाजल्या. मावशी हातात मोबाइल धरून दारात उभ्या होत्या.

"पोरीला फोन लावला. ती म्हनली, काय सांगितलं त्येनी? म्या म्हनलं, काय घिऊ नका म्हनत्यात. तर म्हनती, आई, मग त्येंच्याकडंच जा." त्या खुर्चीत बसल्या. "लग्नातनं उरंल त्येचं काय करायचं, ते सांगा आता. आन् तुमची फी बी सांगा."

मग मी विचारत गेलो. पेन्शन किती येते, घर कुणाच्या नावावर आहे, गुडघ्यांचं काय म्हणतात डॉक्टर. ड्रॉवर उघडलाच नाही. मॅडमनी मला एकदाच थांबवून दुरुस्त केलं. निघताना मावशींनी फी टेबलावर ठेवली, आणि मी ती उचलून सवयीने डोळ्यांना लावली. मॅडम मोठ्याने हसल्या. "ते टेबल पुसून घ्या," म्हणाल्या. "उद्यापासून तुमचंच आहे."

मी जिन्यात जाऊन मालकांना फोन लावला. शब्द एकमेकांवर आपटत होते. "मालक, माझ्या जागेवर दुसरा माणूस बघा."

त्यांच्या मागे कुणीतरी जांभळ्या रंगात दाखवा म्हणत होतं. मग त्यांनी रोज सकाळी विचारायचे तेच विचारलं.

"भवानी झाली का?"

"झाली," मी म्हणालो.

"मग चहा मागवा की," ते म्हणाले.