विमान पडत होतं तोवर

धाकट्या भावाला हॉस्पिटलमधून दिंडोशीला माझ्या घरी आणलं, तेव्हा वहीत सतरा कामं लिहिलेली होती. बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवणे, त्याच्या जोगेश्वरीच्या खोलीची चावी शेजाऱ्यांकडे देणे, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंची वेळ ठरवणे. दोन दिवसांत चौदा कामांवर रेघ मारली. उरलेल्या तिनांत एक होतं, ‘त्याला बोलतं करणे’. तेही मी बाकीच्यांसारखंच, त्याच अक्षरात लिहून टाकलं होतं.

अर्धांगाच्या झटक्याने त्याचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. काही सांगायला गेला की “ते... ते...” एवढंच येई आणि तिथे अडकून बसे. मग मी सुरू. पाणी? पंखा? उशी? बरोबर निघालं की तो मान हलवी, चुकलं की डोळे मिटून घेई.

वाचा-उपचाराच्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं. “शब्द त्यांना शोधू द्या. अडले तर अडू द्या. तुम्ही पुरवू नका.”

हे मी लिहून घेतलं. त्या लिफ्टपर्यंत पोचल्या नसतील, तोवर मी त्याला विचारलंही, “चहा टाकू ना?”

विमानाच्या गेमची आठवण मलाच झाली. आम्ही कॉलेजात असताना जोगेश्वरी स्टेशनजवळ एक गेम पार्लर होतं. अरुंद दुकान, ओळीने सहा मशिनी, आत कायम अंधार. शेवटच्या मशीनवर लढाऊ विमान. पडद्यावर आपल्याला विमानाची पाठ दिसायची, समोरून शत्रूची विमानं यायची आणि मागून क्षेपणास्त्रं. मागून काय येतंय ते कोपऱ्यातल्या रडारवर दिसे, पण विमान सांभाळता सांभाळता तिकडे बघणं त्याला जमत नसे. म्हणून तो मला घेऊन जायचा. मुली तिथे जात नसत. मी त्याच्या डाव्या खांद्याशी उभी राहून ओरडायची, “मागून दोन! डावीकडे घे!”

“बहिणीला घेऊन लढाईला आलाय बघ,” असं कोणी म्हणालंच तर हा मान न वळवता म्हणायचा, “तुझी पण आण ना रे. बघू किती टिकतोस.”

मी अंधेरीला जाऊन टीव्हीला लावायची एक डबी आणली. तिच्यात जुने शेकडो गेम होते, आणि आमचं विमानही. वेळ ठरवली, रोज चार ते साडेचार. तो डाव्या हाताने जॉयस्टिक धरणार आणि गोळीबाराचं बटण मी दाबणार.

पहिला डाव दहा सेकंदांत संपला. विमान समुद्रात. दुसरा तसाच, तिसराही. चौथ्या वेळी मागून एकदम तीन क्षेपणास्त्रं आली. मी ओरडले, त्याने विमान गर्रकन फिरवलं, दोन चुकली, तिसरं बसलं.

“वाट लागली!” भाऊ म्हणाला.

स्पष्ट. मोठ्याने. पाच आठवड्यांनंतर. मी बटण सोडून त्याच्याकडे बघत राहिले. त्यालाही समजलं आपण काय केलं ते. अर्ध्या तोंडाने हसला आणि लगेच म्हणाला, “परत.”

दोन्ही शब्द मी तारीख-वेळ घालून लिहिले. वहीचं नवं पान काढलं. डावीकडे शब्दांचा रकाना, उजवीकडे गेमचा टप्पा. मग येत गेले. मेलो. मागे. मार ना. गेला साला. एकदा माझं बटणावरचं बोट रेंगाळलं तर अख्खं वाक्य आलं, “झोपलीस काय गं?” त्या दिवशी मी वाचा-उपचाराच्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, “छान. काही बदलू नका. तीन आठवड्यांनी सोमवारी येऊन बघते.”

अडचण एकच होती. दोन डोंगरांमधून विमान न्यायचा एक टप्पा होता, तिथे ते दर वेळी कड्यावर आपटायचं. आठ दिवस तेच. नवव्या दिवशी त्याने जॉयस्टिक टेबलावर आपटली आणि रात्री जेवला नाही. माझ्या पानावर उजव्या रकान्यात आठ दिवस एकच आकडा. पुढच्या सोमवारी बाई येणार, आणि दाखवायला प्रगती काय तर ही. सकाळी तो झोपलेला असताना मी डबीच्या सेटिंगमध्ये गेले. तिथे एक पर्याय होता, विमान फुटतच नाही. तो चालू केला. त्याला सांगितलं नाही.

त्या दुपारी विमान डोंगरांमधून पार झालं. पुढे वाळवंट, पुढे ढग. मी टाळ्या वाजवल्या. चार दिवसांत आकडा नऊपर्यंत गेला. डावा रकाना चारही दिवस कोरा होता. उजवा भरत होता, त्या आनंदात मला तो दिसलाच नाही.

पाचव्या दिवशी डाव रंगात आला असताना त्याने जॉयस्टिकवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“अरे, धर ना! मागून आलं!”

त्याने धरली नाही. एक क्षेपणास्त्र बसलं. दुसरं बसलं. धूर झाला, पडदा लाल झाला आणि विमान त्याच धुरातून सरळ, शांतपणे पुढे जात राहिलं. त्याने आणखी एक बसू दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “कशाला?”

मी उत्तरं दिली. तू दमत होतास. जेवला नाहीस. बाई येणार होत्या. मला वाटलं, थोडा धीर येईल तुला. एकामागून एक, सगळी मुद्देसूद. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि जॉयस्टिक माझ्या बाजूला सरकवली.

दुसऱ्या दिवशी मी सेटिंग त्याच्यासमोर पूर्ववत केलं, पडदा दाखवला, आईची शपथ घेतली. माझ्या समाधानासाठी तो खेळायला बसलाही. एक क्षेपणास्त्र पंखाला घासून गेलं, तर त्याने माझ्याकडे पाहिलं. विमान वाचलं की माझ्याकडे, समुद्रात पडलं तरी माझ्याकडे. त्याचा डाव त्याचा राहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी चार वाजता मी टीव्ही लावला, तर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

सोमवारी बाई आल्या. मी काहीही न लपवता सांगितलं. रागावल्या नाहीत. वहीचं पान बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, “पडायची भीती होती म्हणून बोलत होते ते. बघू, दुसरं काहीतरी शोधू.”

दुसरं पुष्कळ शोधलं. चित्रांची कार्डं, भजनं, वार आणि महिने. तो विरोध करत नाही. बाई ‘कप’ म्हणाल्या की तो ‘कप’ म्हणतो, ‘चमचा’ म्हणाल्या की ‘चमचा’. हात पूर्वीपेक्षा वर जातो. नातेवाईक येतात, म्हणतात, किती सुधारलाय. स्वतःहून मात्र तो काही म्हणत नाही. मीही आता त्याला काही पुरवत नाही. तेवढं मी शिकले आहे.

काल दुपारी आमटी अळणी झाली होती. पहिल्याच घासाला माझ्या लक्षात आलं. मिठाची बरणी ओट्यावर होती, मी अर्धी उठलेही, आणि परत बसले. तो सांगेल म्हणून थांबले. समोर बसून तो एकेक घास सावकाश खात होता. मीही तशीच खात राहिले. त्याने ताटातला सगळा भात संपवला, वाटीतली आमटी संपवली आणि हात धुवायला उठण्यासाठी डावा हात माझ्यापुढे केला.