साठ झाडांच्या पुढं

निवडणूक लागली की आमची बंदूक ठाण्यात जाऊन झोपते. मुलगा तिला जुन्या चादरीत गुंडाळतो, तान्ह्या लेकरासारखी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसतो, आणि येताना पावती घेऊन येतो. यंदा तो निघाला तेव्हा सुनेनं विचारलं, "आत्या, ही मारते तरी किती लांब?"

सून लातूरची, शिकलेली. शिकारीला हे काडतूस कुठवर कामाचं, अंगावर येणाऱ्या जनावराला कुठवर, सगळं तिनं मोबाइलवर आधीच वाचलं होतं. मला विचारणं म्हणजे पेपर तपासणं. ओट्यावर आमचा जुना सालगडी उजवा पाय काठीसारखा लांब करून बशीतनं चहा पीत होता. त्यानं वर बघितलं नाही.

मी म्हटलं, "आमच्यात मीटर नव्हता बाई. झाडं होती."

अर्धापूरकडची आमची केळी पाच फुटांवर एक लावलेली. दोन ओळींच्या मधनं बघितलं की बाग नळीसारखी सरळ दिसते, आणि डुक्कर कितव्या झाडाशी उभं आहे ते बुंधे मोजून सांगता येतं. सासरे तसंच मोजायचे. "साठ झाडं," ते म्हणायचे. "साठापर्यंत गोळी आपली. पुढं मैलभर जाती, पण आपली ऱ्हात न्हाई. धड मारत बी न्हाई, सोडत बी न्हाई."

हे ऐकायला मी विशीची, जळकोटकडनं नुकती आलेली सून. माहेरी छऱ्याची बारा बोर होती, माकडं हाकलायला. मी ती जन्मात दोनदा उडवलेली, दोन्ही वेळा लिंबाच्या झाडावर, आणि ते लिंब अजून उभं आहे. पण सासरी येऊन या बयेनं काय सांगावं? तर माहेरची माकडं म्हणे हिला ओळखतात. सासूबाई तव्यावरनं नजर न काढता म्हणाल्या, "भाकर गोल होईना हिच्यानं, आन् बंदूक धरती." झालं. त्या एका वाक्यासाठी मी सासऱ्यांच्या मागं लागले. त्यांनाही सून बंदूक धरते याचं कौतुक होतं. परवाना त्यांच्या नावाचा, तरी त्यांनी मला चार गोळ्या उडवू दिल्या. चारातली एक डब्याला लागली. बाकीच्या तीन मी कुणाला सांगितल्या नाहीत.

पाडवा महिन्यावर आला होता. सालगडी तेव्हा पंचविशीचा, बायको पोटुशी, आणि पुढच्या सालाची बोली पाडव्याला व्हायची होती. त्याच्या घरात कमावणारं काही असेल तर ते त्याचे दोन पाय. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एका सकाळी सासरे विहिरीवर मोटार चालू करायला गेले. बंदूक माझ्याजवळ बांधावर ठेवली. "नुसती बस. उडवू नको." मी बसले, पदर खोचून, फौजदारीण. आणि ओळीच्या पार शेवटाला, पाण्याच्या चारीच्या कडेला, सुळ्याचं डुक्कर केळीचा गड्डा उकरताना दिसलं. मी मोजायला लागले. साठ झाले. सत्तर झाले. ऐंशीच्या पुढं मोजणं सोडलं, कारण पुढचा आकडा मला आवडणार नव्हता. घोडा ओढला.

डुक्कर बसलं, उठलं, आणि मागचं अंग फरफटत बागेत घुसलं. गोळी पोटात मागं लागली होती. ते ओरडत होतं. डुकराचं ओरडणं माणसासारखं असतं हे मला माहेरच्या माकडांनी सांगितलं नव्हतं.

सासरे पळत आले. मागनं सालगडी, हातात पानं छाटायचा कोयता.

"किती झाडांवर हुतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"पन्नास," मी म्हटलं.

सालगडी हसला. "पन्नासावर हाय म्हंजे आता पडलंच. वैनी, मुंडकं तुमच्या माहेरी धाडू का?" आणि कोयता खांद्यावर टाकून आत गेला. माझं तोंड उघडं होतं. ओळीत तो दिसेनासा होईपर्यंत मला पुष्कळ वेळ होता.

वाळल्या पानांत ते दबा धरून बसलेलं. त्यानं गुडघ्याच्या मागनं सालगड्याचा पाय उभा फाडला. सासऱ्यांनी दहा झाडांवरनं डुक्कर संपवलं आणि गड्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नांदेडला दवाखान्यात नेलं.

तिसऱ्या प्रहरी ते परतले. बागेत एकटेच गेले आणि रक्ताच्या पहिल्या डागापासून एकेका बुंध्याला हात लावत बांधापर्यंत आले, माझं रिकामं काडतूस पडलं होतं तिथपर्यंत. घरात येऊन पाणी प्यायले. मला एवढंच म्हणाले, "एकशे अठरा."

संध्याकाळी गावातली चार माणसं जमली. परवाना सासऱ्यांचा, गोळी सुनेची. सासरे म्हणाले, "न सांगता घुसला बागेत. घाई नडली त्याची." मी आत पीठ मळत होते. कुणी मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. त्या दिवशी माझी भाकर पहिल्यांदा गोल झाली. सासूबाईंनी ती उलटसुलट करून बघितली. "शिकली की गं."

पाडव्याला तो काठी टेकत आला. मागं बायको, पोट पुढं घेऊन. सासऱ्यांनी त्याच्या हातावर साखरेची गाठी ठेवली आणि सालाची बोली दुसऱ्याशी केली. त्यानं दारात उभ्या माझ्याकडं बघितलं. या बाईसाहेबांनी पदर सारखा केला आणि दूध उतू चाललंय म्हणत आत गेल्या. चुलीवर दूध नव्हतं.

पुढं तो व्यापाऱ्याकडं लागला. गाडी भरताना बसून केळीचे घड मोजायचं काम. आमच्या बागेचेही त्यानंच मोजले, वर्षानुवर्षं. कधी चुकला नाही, कधी काही बोलला नाही. मी त्याला माझ्या हातानं चहा देत आले. चहानं पाय वाकत नाही.

हे सगळं मी सुनेला सांगितलं असं समजू नका. "झाडं होती" एवढंच मी बोलले होते.

"सांगा की आत्या. किती झाडं?"

ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. "वैनीला इचारू नको पोरी. ती पन्नास सांगल."

सून हसली, तिला वाटलं थट्टा. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल तो पहिल्यांदा बोलला होता. या तोंडानं तो आकडा कधी काढला नव्हता, आज काढला.

"एकशे अठरा."

"एकुणीस," तो म्हणाला. "मधी एक झाड मोडून पडलं हुतं. ते मालकाच्या हाताला लागलं नसल. मी त्याच्यापशीच आडवा हुतो." मग रिकामी बशी माझ्याकडं सरकवली. "चहा हाय का अजून?"

मी उठले. या खेपेला दूध खरंच गॅसवर होतं.