ताडपत्रीवरची कबड्डी

आमच्या कनेरगाव नाक्याच्या कबड्डी संघाचे किस्से सांगायला लागलो की हसूच येतं. जिंकलेल्या मॅचचा किस्सा होत नाही. म्हणून तर आमच्याकडे किश्शांचा ढीग लागलाय!

गजूदादा आमचा कॅप्टन, पंक्चरच्या दुकानात कामाला. जिल्ह्याच्या संघाच्या निवडीसाठी वयात बसायचं त्याचं ते शेवटचं वर्ष. एकदा धीर करून मी विचारलं, "दादा, दर देशाचा खेळ वेगळा काहून असतो?"

ट्यूब पाण्यात बुडवत तो म्हणाला, "ज्याच्या दारात जे फुकट, त्यो त्याचा खेळ. त्यांच्या दारात बर्फ, ते बर्फावर घसरतात. आपल्या दारात माती. अन् छातीत दम!"

* * *

सगळ्यात जास्त दम तांड्यावरच्या सुभाषचा. ऐन सरावात तो ऊसतोडीला गेला. गजूदादानं फोन लावला, तर तिकडून म्हणतो, "काळजी करू नका दादा, दिवसभर वाकूनच असतो. प्रॅक्टिस चालूच हाय!"

* * *

ढाब्यामागची माती आम्ही चाळणीनं चाळून मैदान केलं होतं. एका सकाळी तिथं खडी! ट्रक उभे करायला.

ढाबेवाला म्हणाला, "खेळा की पोरांनो. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो?"

* * *

त्यातच कळलं, निवड मॅटवर आहे. मॅट आमच्यापैकी कुणी हात लावून पाहिली नव्हती. गजूदादानं विठूकाकांची हळद वाळवायची ताडपत्री मागून आणली.

"मॅट निळी, हीबी निळी. बराबर!"

महिनाभर त्यावर खेळलो. पाय घसरायचा, म्हणून गजूदादानं घसरतच मधली रेष गाठायची युक्ती बसवली. गुडघे हळदीनं पिवळे झाले, रंग निघेना. काकू रोज विचारायच्या, "लगीन कोणाचं रे?"

* * *

निवडीच्या दिवशी गजूदादानं दोघांना शिवलं आणि रेषेकडे झेप घेतली. घसरत जायला पाय टाकला. मॅटनं पाय धरून ठेवला! तो तोंडावर पडला. रेष वीतभर पुढे. पाच जण अंगावर. शिट्टी झाली तरी त्याचं "कबड्डी, कबड्डी" थांबेना.

यादीत त्याचं नाव आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात होता, गुडघे तसेच पिवळे. मी म्हणालो, "दादा, त्या लोकांचा बर्फ संपला तर ते काय करतील?"

त्यानं ट्यूब पाण्यात बुडवून फिरवली. मग म्हणाला,

"ताडपत्री हुडकतील."