कॅमेऱ्यांची अदलाबदल

आमच्या ह्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला तो निवृत्तीला थोडी वर्षं उरली तेव्हा. नोकरी कृषी खात्यातली, त्यामुळे सगळी हयात बांधाबांधानं हिंडण्यात गेलेली. त्या शिवाराचे फोटो काढायचे असं एक दिवस मनानं घेतलं आणि घरात मोठा काळा कॅमेरा आला. त्याच्यामागे लांबचं जवळ दिसावं म्हणून एक लेन्स आली, रुंद दृश्यासाठी दुसरी आली, तिवई आली, आभाळ गडद यावं म्हणून काचेच्या चकत्या आल्या. बॅग इतकी फुगली, की स्कूटरवर मागे ती मांडीवर घेऊन बसले की मला ह्यांची पाठसुद्धा दिसत नसे.

मी हिंगोलीत शाळेत भूगोल शिकवते. रविवारी सकाळी मीही सोबत निघायची, पण खरं सांगायचं तर कनेरगाव नाक्यावरच्या गरम भज्यांसाठी. हे तिवई रोवून ढग सरकायची वाट बघत उभे राहत. मी तोवर इकडंतिकडं फिरून माझ्या साध्या मोबाइलवर चार फोटो काढायची आणि घरच्या ग्रुपवर टाकायची. भानगड अशी, की वाहवा माझ्या फोटोंना मिळायची. पोरगी लिहायची, ‘आई, काय सुंदर!’ आणि बाबांच्या फोटोखाली नुसता अंगठा.

“मोबाइल आपल्या मनानं रंग चढवतो,” हे म्हणायचे. “त्यात तुझं काय कसब?”

“मग तुमच्या इतक्या काचा काय करून राहिल्यात?” मी विचारायची.

हे असंच हसतखेळत चाललं असतं, पण गेल्या हिवाळ्यात आम्ही हॉल रंगवून घेतला. सोफ्यामागची भिंत मोकळी झाली आणि तिथं आपल्याच भागातल्या शिवाराचा मोठा फोटो लावायचा असं ठरलं. कुणाचा, यावर मात्र गाडी अडली. ह्यांनी धरणाच्या पाण्याचा एक फोटो पुढं केला. मी म्हटलं, हा बघून बँकेचं कॅलेंडर आठवतं. ते ह्यांना इतकं लागलं, की संध्याकाळचा चहा त्यांनी गॅलरीत एकट्यानं घेतला.

शेवटी आम्ही ह्यांच्या शाळेपासूनच्या दोस्ताकडे गेलो. बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांच्या काळापासूनचा. मी त्यांना भाईजान म्हणते. दोघांचंही गाऱ्हाणं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हसत म्हणाले, “भाभी, सीधी बात आहे. तुमी याचा कॅमेरा घ्या, हा तुमचा मोबाइल घेईल. एकच जागा, एकच सकाळ. मी दोन्ही फोटो भिंतीएवढे छापतो. मग भांडा.”

“हिला त्यातलं एक बटन माहीत न्हाई,” हे म्हणाले.

“काहून, भ्या वाटून राहिलं का?” भाईजानांनी विचारलं. मग ह्यांना माघार घेता येईना.

हळद शिजवायचे दिवस होते. वसमतकडच्या रस्त्याला ह्यांच्या ओळखीचं एक शेत होतं. आम्ही उन्हं येण्याआधी पोचलो. शेताच्या कडेला शिजवायचं यंत्र लावलेलं, त्याच्या पिंपांतून पांढरी वाफ भसाभसा वर येत होती. शिजलेली हळद ताडपत्र्यांवर पसरलेली, आणि सगळ्या शिवारात तो ओला, उग्र वास. शेताची मालकीण, डोक्याला टॉवेल बांधलेली, कामावरच्या बायांना हाका मारत होती. आम्हाला बघून म्हणाली, “या की. फक्त हळदीवर पाय देऊ नका, बाई.”

ह्यांनी मला कॅमेरा तिवईवर लावून दिला आणि बजावलं, “कॅमेऱ्यावरची गोल चकती फिरवू नको.” मी लगेच कोणती तरी चकती फिरवली. पहिला फोटो पांढराफटक आला, दुसरा काळाकुट्ट. हे लांबून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो आमच्या लग्नातल्या फोटोतही नाही. तिवई उचलून हिंडायचं म्हणजे जिवाला तकलीफ, म्हणून मी एकाच जागी उभी राहिले आणि जे समोर होतं त्याचेच फोटो काढत सुटले.

मग कशीबशी लांबची लेन्स चढवून पाहिली. पार पलीकडच्या कडेला हळद पसरणाऱ्या बाईच्या बांगड्या दिसत होत्या. एकेक हळकुंड सुटं दिसत होतं. वाफेतून सूर्य वर आला तेव्हा तिच्या कपाळावरचा घाम चमकला. इतकी वर्षं मी ही बॅग मांडीवर वाहत होते आणि तिच्यात काय आहे हे कधी डोळा लावून पाहिलंच नव्हतं.

“अहो,” मी ओरडले, “हे मला आधी काहून न्हाई दाखवलं?”

पण हे होते कुठं? खांद्यावर ओझं नाही म्हटल्यावर माणूस मोकळ्या वासरासारखा उधळला होता. कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले, कधी बांधावर पालथे पडले, कधी वाफेच्या मागून उन्हाकडे तोंड करून उभे राहिले. परत आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत पिवळी. “हलकं वाटतं गं,” म्हणाले. “मी तर एकदाही तिवईसाठी जागा शोधली न्हाई.”

त्यांचे फोटो बघून मी मनातून हरले. ट्रॉलीवरून काढलेल्या एका फोटोत पिवळ्या ताडपत्र्यांच्या पट्ट्या तिरप्या गेलेल्या, मधून वाफ वाहतेय आणि एक बाई त्या वाफेत अर्धी नाहीशी झालेली. माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता तो.

भाईजानांनी शब्द पाळला. दोन्ही फोटो भिंतीएवढे छापून स्टुडिओच्या फरशीवर पसरले आणि आम्ही तिघं चपला काढून भोवती उभे राहिलो. ह्यांचा फोटो लांबून झकास, पण जवळ गेलं की बाईचा चेहरा पुसल्यासारखा, मागची झाडं म्हणजे हिरवा उपमा. मोबाइलच्या पडद्यावर हे काही दिसलं नव्हतं. माझ्या फोटोत हळकुंड न् हळकुंड मोजून घ्यावं इतकं स्पष्ट, पण सगळं शेत एका बाजूला कललेलं, आणि बघायला त्यात काही नाहीच.

“भाभी, तुमच्या शेतातलं पाणी वाहून जाईल,” भाईजान म्हणाले आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो. हसू ओसरल्यावर त्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. “यार, फोटो तुला दिसतो. बराबर दिसतो. फक्त तू कॅमेरा आधी काढतो अन् मग बघतो.”

घरी येताना हे म्हणाले, “पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ. बॅग तू धर.”

त्या शेतातलं काम तोवर संपत आलं होतं, यंत्र शेजारच्या शेतात गेलं होतं. तिथं हे मोकळ्या हातांनी फिरले. ट्रॉलीवर चढून पाहिलं, उतरले, बांधाच्या टोकाला गेले, डोळे बारीक करून उन्हाकडे बघितलं. मग पुन्हा ट्रॉलीपाशी येऊन हात वर करून मला हाक मारली. मी कॅमेरा आणि एकच लेन्स नेऊन दिली, तिवई ट्रॉलीवर चढवायला मदत केली. हे कॅमेऱ्याच्या आकड्यांत गुंतले, तेव्हा मी वाफेवर आणि वाफेत हळद पसरणाऱ्या एका बाईवर नजर ठेवून होते.

“आत्ता न्हाई... थांबा... ती बाई वळून राहिली... आता!”

एकच खटका वाजला. पडद्यावर पाहून ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

तो फोटो आता सोफ्यामागे आहे. आलेले पाहुणे विचारतात, कॅमेरा कोणता? हे कंपनी सांगायला लागतात, मी वाफेचं सांगायला लागते, आणि चहा गार होतो.

एक छोटी प्रत आम्ही त्या शेतावर द्यायला गेलो. पहिल्या शेताची मालकीणही तिथं आली होती. बायांनी हात पुसून प्रत फिरवली. वाफेतल्या बाईनं स्वतःला ओळखलं आणि पदर तोंडाला लावून हसली. “बाई, मी इतकी चांगली दिसते व्हय?” मग सगळ्यांनाच फोटो हवा झाला. ह्यांनी हौसेनं बॅगची चेन ओढली, तर मालकीण म्हणाली, “तो नका काढू, साहेब. मोबाइलवरच काढा, म्हणजे आत्ताच्या आत्ता स्टेटसला ठेवता येतो.”

ह्यांनी एक क्षण बॅगेकडे पाहिलं, चेन लावली आणि माझ्यापुढं हात केला. मी मोबाइल दिला. बाया रांगेत उभ्या राहिल्या, आणि हे मागे मागे सरकत ओरडू लागले, “जरा डावीकडं, ऊन तोंडावर येऊ द्या... हां, मावशी, तुमी मधी!”