सगळ्यांनी एकदम हात पुढे केले तर

संशोधनाच्या नियतकालिकाकडे पाठवलेला माझा पेपर परत आला तेव्हा मी इस्लामपूरच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. परीक्षकाचं एकच वाक्य डोक्यात रुतलं: सगळे एकाच वेळी हलले, तर ही रीत थांबतच नाही.

माझं पीएचडीचं काम संगणकांच्या जोड्या लावण्याचं. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला फक्त शेजारचे दिसतात, वरून सांगणारं कोणी नाही. सुरुवात कितीही विस्कटलेली असो, आपापलं बघत शेवटी जोड्या लागल्या पाहिजेत आणि टिकल्या पाहिजेत. त्या लागतातच, हे सिद्ध करण्यात माझी कितीतरी वर्षं गेली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात चार मुलांना गोल उभं केलं. शेजारचा रिकामा दिसला तर त्याच्याकडे हात करायचा; त्यानंही आपल्याकडे केला, तर जोडी लागली. तो दुसऱ्याच कुणाकडे वळलेला दिसला, तर हात मागे घ्यायचा. मी टाळी वाजवली. चौघांनी उजवीकडे हात केले. पुन्हा टाळी, चौघांनी मागे घेतले. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. वर्ग हसायला लागला. मी टाळ्या वाजवतच राहिले.

शेवटी त्यातला एक म्हणाला, "मॅडम, ह्ये काय थांबत न्हाई. हात दुखाय लागला."

त्यांना बसायला सांगितलं आणि मीही बसले. पुढचं काही शिकवलं नाही.

शनिवारी सांगलीला गाईड सरांकडे गेले. उपाय बसमध्येच सुचला होता: प्रत्येकाला एक नंबर द्यायचा आणि रिकाम्या शेजाऱ्यांपैकी ज्याचा नंबर लहान, त्याच्याकडेच हात करायचा.

सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. "बरोबर आहे. पण हे लोकांनी आधीच केलंय. यात तुमचं काय?"

"मग आता काय करू, सर?"

"एका वेळी एकानंच हलायचं असेल, तर तुमची सिद्धता पक्की आहे ना? तेवढंच लिहा. दावा छोटा करा."

परतीच्या एसटीत जागा नव्हती. दांडा धरून उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

प्रबंध पुन्हा लिहायला घेतला. जिथं जिथं 'नेहमी' होतं, तिथं 'एका वेळी एकच हलत असेल तर' असं घालत गेले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच विचारलं, सगळे एकदम हलले तर? मी सरळ सांगितलं, "तेव्हा नाही थांबत, सर." त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.

पदवी मिळाली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. साताऱ्याहून आईचा फोन आला, "आता तरी ये गं दोन दिवस."

गेले. दोन्ही दिवस झोपूनच काढले.