थरथर देवीची नव्हती

सातवीतून शाळा सोडून किनवटकडून मी जालन्याला आलो आणि लोखंडाच्या मिलवर लागलो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. भट्टीतून निघालेली लाल सळई सांडशीनं धरून ओढायची. दिवसभर आग, संध्याकाळी दारू, पुढंपुढं सकाळीही. एकदा सांडशीच निसटली. कोणाला लागलं नाही, पण मुकादम म्हणाला, "हात धड झाले तर ये. न्हाई तर गावाकडं जाय." गावाकडं कोणतं तोंड घेऊन जाणार?

माझी खोलीवाली मावशी पिंपळगाव रेणुकाईची माहेरवाशीण. ती म्हणाली, "चल, देवीसमोर भंडारा उचल. सुटंल." भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडायची कोणाची हिंमत नव्हती. निदान शुद्ध अंगानं जावं म्हणून मी आदल्या दिवसापासूनच थेंब घेतला नाही.

पहाटेच्या गाडीत बसवेना. खिडकी उघडायचो, लावायचो, उठायचो.

"अरे बूड टेकव की! शीट चावून राह्यलं का तुला?" मावशी म्हणाली.

देवळात मूठभर भंडारा उचलला आणि हात असा हलला की सगळा अंगावर सांडला. दात वाजायला लागले, घाम फुटला. मागून कोणीतरी ओरडलं, "आली! अंगात आली!" बायांनी मला कुंकू लावलं. एक म्हातारा पायाशी बसला. "आई, म्हैस कवा सापडंल माझी?"

"पाणी," मी कसंबसं म्हणालो. ते त्यांनी माझ्या पायांवर ओतलं.

मावशीनं गर्दीत घुसून माझी हनुवटी धरली, डोळ्यांत पाहिलं. "व्हा बाजूला. देवी न्हाई ही. एक दिवस पिली न्हाई की माझ्या मालकाला असंच व्हायचं." मालक दारूनंच गेल्ते तिचे. मिळेल त्या जीपनं तिनं मला जालन्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं.

केसपेपरची खिडकी बंद होत आल्ती. मी हळूच विचारलं, "दारूचं कुठं दाखवायचं?"

"दारूचं?" आतला मोठ्यानं बोलला. "त्या कोपऱ्यात, येड्यांच्या रांगेत."

लोक हसले. मी मागं फिरलो, तर मावशीनं कॉलर धरली. "देवळात पाया पडून घेतलंस, तवा लाज न्हाई वाटली. मंग इथंच काय?"

डॉक्टरांनी नाडी पाहिली, झटके येतात का, भलतंसलतं दिसतं का, विचारलं. "अशी एकदम सोडलेली जिवावर बेतते," ते म्हणाले. मी घाबरत विचारलं, भरती व्हावं लागेल का? मिल जाईल.

"सध्या नको. रोज येऊन दाखवायचं. गोळ्या हळूहळू कमी करू. झटका आला, भास झाले, तर तसंच उठून इकडं यायचं. पण एकट्या माणसाला मी घरी सोडत नाही. घरचं कोण आहे?"

घरचे सगळे किनवटला.

"मी हाय ना," मावशी म्हणाली.

"तुम्ही कोण याच्या?"

"खोलीवाली. काहून, खोलीवालीच्या हातची गोळी लागू पडत न्हाई का?"

डॉक्टर हसले आणि पुडी तिच्या हातात दिली.

घरी आल्यावर तिनं ती पदराला बांधली, मला ओट्यावर बसवलं आणि शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं. "मिलवर जाऊन येते. भाचा आजारी हाय म्हणून सांगते मुकादमाला. तवर हलू नको."

मी हललो. किती वेळा उठलो, देव जाणे. गल्लीच्या तोंडाशी जायचो, गुत्त्याच्या वाटेकडं बघायचो, आणि ती येताना दिसते का म्हणून दुसऱ्या बाजूला बघत परत ओट्यावर यायचो.